मोगरी कुणामागं पळते

कृष्णात चौगुले गल्लीच्या टोकाला पोचला, गाडी थांबवून त्यानं मागं वळून बघितलं, तर मागं कुणीच नव्हतं.

त्याचा विश्वासच बसेना. रोज सकाळी आक्कानं धार काढली, की त्यानं गाडी बाहेर घ्यायची, एकदा "चल गं मोगरे" म्हणायचं आणि निघायचं. मागोमाग मोगरी गळ्यातली घंटा वाजवत थेट नदीपर्यंत पळत यायची. ना दावं, ना काठी. रेडकू होती तेव्हापासून हा शिरस्ता होता आणि मध्ये नऊ वर्षं गेली तरी एक दिवस चुकला नव्हता. आज मात्र मोगरी गोठ्याच्या दारात उभी राहून शांतपणे वैरण चघळत होती. त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

कृष्णात परत आला. तिचे कान हातात धरून बघितले, गरम नव्हते. नाकपुडी ओली होती. पोटाला कान लावून झाला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं म्हैस मागून-पुढून तपासली आणि म्हणाला, "चांगली धडधाकट हाय की. काय झालंय म्हणून बोलावलंसा?" माझ्यामागं आली नाही, हे सांगायला कृष्णातची जीभ रेटेना. त्यानं दुधाचं काहीतरी निमित्त सांगून डॉक्टरला वाटेला लावलं.

बदलली होती ती फक्त गाडी. आदल्या दिवशीपर्यंत ती जुनी राजदूत मोटारसायकल होती, आणि आज बॅटरीवरची नवी कोरी स्कूटर.

आता कुणाला वाटेल, म्हातारपणाकडं झुकलेला माणूस, पोरांनी बळेबळे नवी गाडी गळ्यात मारली असणार. तसं अजिबात नाही. कृष्णातला नव्याचा भारी सोस. त्यांच्या गल्लीत गोबरगॅस पहिल्यांदा त्यानं बांधला. उसाला ठिबक केलं तेव्हा शेजारचे हसले होते, तर त्यानं त्यांना बांधावर नेऊन पाण्याचं गणित समजावलं होतं. गोठ्याच्या पत्र्यावर सोलर बसवलं आणि मग त्या विजेवर काय काय चालतं याचा शोध सुरू झाला. शेवटी स्कूटर आली. जुनी राजदूत त्यानं स्वतःच, हसत हसत, गडमुडशिंगीच्या विश्वजितला विकून टाकली. विश्वजितला तिचा आवाज आवडला होता. "न्ह्या पावणं," कृष्णात म्हणाला, "धूर खावा आन मजा करा."

नंतर चहाच्या टपरीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "आज पेट्रोल काय भाव हाय हो? मला म्हायतीच न्हाय." लोक वैतागत होते, पण ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता. स्वतःवर जरा जास्तच खूष होता, एवढंच.

त्याच टपरीवर, नवी गाडी यायच्या आधी, त्यानं एक वाक्य टाकलं होतं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, कवड्यांच्या माळा, मोरपिसं, पायात घुंगरं. आणि मग मालकानं गाडीचा सायलेन्सर काढून ती अशी काही पेटवायची की कान बधिर व्हावेत, आणि गर्दीतून गाडी पळवायची. मागं म्हैस सुसाट. ज्याची म्हैस न भुलता मालकामागं येईल त्याची मान ताठ. कसबा बावड्यातल्या पाडव्यात मोगरीचा दरवर्षी दबदबा असायचा. तर टपरीवर मंडळाचा यशराज म्हणाला, "आण्णा, यंदा तुमचं अवघड हाय. बॅटरीच्या गाडीला सायलेन्सरच न्हाय, काय काढणार?"

"काढायचं काय कारण?" कृष्णात म्हणाला. "यंदा मोगरी बॅटरीमागं पळणार."

"आवाजाबिगर म्हस पळती व्हय?"

"आवाजामागं तुमच्या म्हशी पळत असतील. माझी म्हस माझ्यामागं पळती. मला वळखती ती."

तो हे बोलला तेव्हा मोगरी रोज त्याच्यामागं पळतच होती. म्हणजे बढाई नव्हती ती. त्याला ते सूर्य उगवतो इतकं खरं वाटत होतं.

पुढं पाडव्यापर्यंतचे सगळे दिवस कृष्णातनं जे करता येईल ते केलं. स्कूटरच्या मागच्या सीटवर सरकी पेंडीची पाटी बांधली. मोगरीनं पाटीपर्यंत येऊन पेंड खाल्ली आणि परत गेली. गूळ दाखवला, गूळ खाल्ला. जुन्या गाडीवर असताना घालायचा तो मळका शर्ट काढून घातला. शेवटी त्याच्या डोक्यात आलं की हिला पेट्रोलचा वास लागत असणार. मग पेट्रोल सोडलेला माणूस शेजाऱ्याच्या दारात वाटी घेऊन पेट्रोल मागायला गेला. फडकं भिजवून स्कूटरला बांधलं. मोगरीनं ते हुंगलं, जोरात शिंकली आणि त्याच्या अख्ख्या शर्टावर वैरण उडवली.

आक्का हे सगळं गोठ्याच्या पायरीवर बसून बघत होती. आक्का म्हणजे कृष्णातची थोरली बहीण. त्याची बायको गेल्यापासून घर आणि गोठा दोन्ही तिच्याच हातात होतं. बोलणं तिखट, पण उगीच बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"कृष्णा, कशाला शिणतोस? ती तुला वळखत न्हाय."

"काय?"

"तुला न्हाय वळखत ती. गाडीला वळखती."

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं कृष्णातला. "रेडकू असल्यापास्नं सांभाळली मी तिला!"

"तू?" आक्का म्हणाली. "तू गाडी चालवलीस. वैरण मी घातली, श्याण मी काढलं, व्याली तवा हात मी घातला. तू गाडी पेटवायचास आन फुडं बघून जायचास. मागं वळून तरी बघितलंस का कधी?"

"मग तुझ्यामागं पळती व्हय ती?"

"मला कुठं पळायचंय? मी हितंच असते."

कृष्णातनं पाटी आपटली आणि घरात गेला. पण ताट अर्ध्यातच बाजूला सारलं. आक्काला काय कळतंय, असं तो स्वतःला समजावत होता, आणि समजूत काही पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलं. गाडी घेतलीच नाही. मोगरीची पाठ होती त्या बाजूनं गोठ्यात शिरला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि हाक मारली. "मोगरे." शेपूट माशा वारत राहिलं. "अगं मोगरे!" कानाची पाळीसुद्धा हलली नाही. तेवढ्यात रस्त्यावरून कुणाची तरी फटफटी फाटक्या आवाजात गेली, तर हिचे दोन्ही कान उभे राहिले आणि मान दाराकडं वळली. गाडी लांब गेली, कान पडले, रवंथ पुन्हा सुरू झालं.

कृष्णात पेंडीच्या पोत्यावर मटकन बसला. बायको गेली तेव्हा माणसांत रडला नव्हता इतका तो या म्हशीजवळ बसून रडला होता, मनातलं तिला सांगितलं होतं, आणि तिनं मान हलवली की तिला कळलं असं धरून चालला होता. हे सगळं नऊ वर्षं तो एकटाच बोलत होता की काय?

राजनंदिनीला, त्याच्या मुलीला, बापाचं तोंड बघवेना. ती कॉलेजातून आली ती थेट गोठ्यात. "पप्पा, सोप्पं हाय. गेल्या पाडव्याचा व्हिडिओ हाय माझ्या मोबाईलात, गाडीच्या आवाजासकट. स्कूटरखाली स्पीकर बांधू. कुणाला कळणार बी न्हाय. आता वाजवून बघू का?"

"नको!" कृष्णात एवढ्या जोरात ओरडला की ती दचकली.

"का? येईल की ती."

त्याला हीच भीती होती, की येईल. एका डबड्यामागं मोगरी पळत येईल आणि मग बोलायला काही जागाच उरणार नाही. "माझ्यामागं आली तर आली," तो म्हणाला. "स्पीकर-बिकर काय न्हाय." मनात अजून धुगधुगी होती. पाडव्याला गर्दी असते, हलगी असते, जनावराच्या अंगात आल्यासारखं होतं, अशा वेळी ते आपला माणूस बरोबर ओळखतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पाडव्याला मोगरी अशी नटली होती की नवरी बाजूला सरावी. राजनंदिनीनं शिंगं रंगवली होती, पाठीवर वेलबुट्टी काढली होती, कपाळाला मोरपिसांचा तुरा आणि गळ्यात झेंडूचा हार. चौकात माणसं दुतर्फा दाटली होती. एकेक गाडी कानठळ्या बसवत जात होती आणि मागून एकेक म्हैस धुरळा उडवत. शिट्ट्या, आरोळ्या, हलगी. मग यशराजनं माईकवरून पुकारलं, "आता बघा बॅटरीवरची म्हस! कृष्णातआण्णा चौगुले!" आणि सगळं शांत झालं, कारण आता आवाज करणारं काही नव्हतंच.

कृष्णातनं मूठ पिळली. स्कूटर पुढं सरकली. "चल गं मोगरे!"

मोगरी गर्दी बघत होती.

"मोगरे!" आवाज चिरकला. कुणीतरी खुसकन हसलं. त्यानं स्कूटर वळवून तिच्या तोंडापुढून नेली, पुन्हा वळवली, पुन्हा नेली. एवढ्या माणसांत एवढी शांतता त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती. आता हसणाऱ्यांचंही हसणं थांबलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

तेव्हा गर्दीच्या मागून आवाज आला. तो आवाज सगळ्यांच्या आधी कृष्णातनं ओळखला. विश्वजित गडमुडशिंगीहून मजा बघायला आला होता. राजदूतवरून आला होता आणि पाडवा म्हणून त्यानंही हौसेनं सायलेन्सर काढला होता.

इतका वेळ बाकीच्या गाड्यांना न हललेल्या मोगरीचे कान उभे राहिले, शेपूट ताठ झालं, आणि कुणाला काही कळायच्या आत ती सुटली. ती समोरून आली, कृष्णातच्या दिशेनंच आली, आणि एका क्षणासाठी त्याला वाटलं, आली! त्यानं दोन्ही हात पसरले. तिनं स्कूटरला धडक दिली, स्कूटर आडवी, खाली कृष्णात, आणि मोगरी त्याला ओलांडून पुढं निघून गेली. झेंडूची फुलं तेवढी त्याच्या तोंडावर पडली.

विश्वजितनं बघितलं, तर रंगीत शिंगांची एक म्हैस माणसं उधळत त्याच्यावर चालून येतेय. तो जो घाबरला, त्यानं गाडी वळवून शाळेच्या चढाला लावली आणि पिळता येईल तेवढी पिळली. तो जेवढा पिळी तेवढा आवाज वाढे, आणि आवाज वाढला की मोगरीला जोर चढे. लोकांना वाटलं, हा खेळच आहे. शिट्ट्यांनी चौक दणाणून गेला.

कृष्णात उठला. कोपर सोललं होतं, स्कूटरचा आरसा लोंबत होता. तशीच उचलली आणि त्यांच्या मागं लागला.

आणि चढावर त्याला दुसराच धक्का बसला. मोगरीला पळताना तो पहिल्यांदाच बघत होता. इतकी वर्षं तो पुढं असायचा. त्याला फक्त टापा आणि घंटा ऐकू यायची. तिची पाठ कशी लाटेसारखी वरखाली होते, घुंगरांसकट पाय कसे नेमके पडतात, एवढं बोजड जनावर किती हलकं होतं, यातलं काहीच त्यानं कधी बघितलं नव्हतं. सगळ्या बावड्यानं बघितलं होतं, त्यानं नव्हतं. आक्का खरं बोलली होती.

शाळेच्या फाटकाशी विश्वजितचा धीर सुटला. त्यानं गाडी तशीच चालू ठेवून स्टँडवर लावली आणि शाळेच्या कंपाउंडवर चढून बसला. मोगरी गाडीपाशी येऊन थांबली. धापा टाकत तिनं तोंड गाडीच्या सीटवर टेकवलं आणि डोळे अर्धे मिटले.

"आण्णा, तुमची म्हस आवरा की!" विश्वजित वरून ओरडला.

कृष्णात जवळ गेला. तिच्या पाठीवर हात ठेवला. माशी बसल्यावर थरथरते तशी तिची कातडी थरथरली. "मोगरे, मी हाय गं," तो म्हणाला. तिनं डोळासुद्धा वळवला नाही. नऊ वर्षांची गोष्ट त्या सीटवर डोकं ठेवून उभी होती आणि तिच्यात तो कुठंच नव्हता. त्याला रडूही येईना, रागही येईना. कानात नुसतं इंजिन.

"तुम्हीच घिऊन जावा गाडी खाली," विश्वजित म्हणाला. "लोकं वाट बघायल्यात. मी ह्या भिंतीवरनं उतरत न्हाय."

कृष्णात राजदूतवर बसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. गिअर टाकला. उतारावर लोक दोन्हीकडं धावत येऊन उभे राहिले होते. गाडी सुटली आणि मागं टापा सुरू झाल्या, खणखणीत, एकसारख्या. "नाद खुळा आण्णा!" कुणीतरी ओरडलं. "म्हस असावी तर अशी!" टोप्या उडाल्या, हलगी कडाडली. राजनंदिनी गर्दीतून हात हलवत होती. तिला वाटलं, पप्पांनी जिंकलं. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात देखणी धाव होती. मागून मोगरीचा गरम श्वास त्याच्या पाठीला लागत होता, आणि तो मनात म्हणत होता, ह्या सीटवर उसाची मोळी बांधली असती तरी ही अशीच पळाली असती.

पण माणसाचं मन चिवट असतं. अर्धा उतार सरला तसं त्याला वाटलं, आता इतकी जवळ आहे, आता माझाच वास तिच्या नाकात असेल, आता कदाचित. त्यानं क्लच दाबला आणि किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. गाडी उतारावरून नुसती घरंगळत राहिली. मागं टापा वाजत होत्या. अजून वाजत होत्या. मग त्या मंदावल्या. मग एक टाप, थांबून आणखी एक. मग काहीच नाही.

गाडी एकटीच गर्दीमधून खाली गेली. टाळ्या विरत गेल्या. उताराच्या तळाशी त्यानं ब्रेक लावला, गाडी बाजूला उभी केली आणि मागं बघितलं.

मोगरी रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिचे कान इकडं वळत होते, तिकडं वळत होते. कुठं जायचं ते तिला कळत नव्हतं. हार एका बाजूला सरकला होता, मोरपिसाचा तुरा डोळ्यावर आला होता, आणि एवढ्या माणसांत ती भेदरून गेली होती. आतापर्यंत कृष्णात स्वतःचंच दुःख उगाळत बसला होता. हिचं ह्या सगळ्या बावड्यात कुणीच नाही, एक आवाज होता तो मी विकून टाकला, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"आण्णा, गाडी चालू करा की!" यशराज माईकवरून म्हणाला. "येईल ती!"

कृष्णातनं मान हलवून नाही म्हटलं. तो चढ चढून वर गेला. लोक बघत होते, त्याला त्याचं काही वाटलं नाही. मोगरीपुढं जाऊन तो उभा राहिला. दावं धरलं नाही. डोळ्यावरचा तुरा तेवढा हातानं बाजूला केला. मग तळवा उघडून तिच्या नाकपुडीपुढं धरला आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाला,

"मी कृष्णात. तुझ्याच घरात ऱ्हातो."

मोगरीनं त्याच्या हाताचा वास घेतला. बराच वेळ घेतला. तो हात पुढं धरून उभा राहिला.